गुरुवारची वही

भोसरीच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी. रस्ते रिकामे, चहाच्या टपऱ्या अर्ध्या बंद. मेंटेनन्सवाल्यांचा मात्र हाच खरा कामाचा दिवस, कारण मशिनी थांबलेल्या असतात. चोवीस वर्षं मी गुरुवारी कामावर जातोय. काम आटोपलं की हात धुऊन या वहीत चार ओळी लिहितो. मागची पानं चाळली तर बहुतेक ओळी एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतात: हेच पुन्हा होऊ नये म्हणून आज काय करता येईल?

*

जुनं ब्रेकडाऊन रजिस्टर वाचायला घेतलं. शेऱ्याच्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा आलेले शब्द: 'मशीन ओके केले'. काय बिघडलं, कशामुळे बिघडलं, काय बदललं, काहीच नाही.

एका टर्निंग मशिनच्या नावावर प्रॉक्सिमिटी स्विच बदलल्याच्या नोंदी मोजल्या. वर्षभरात नऊ. नऊही वेळा ज्याने काम केलं त्याने मन लावून केलं, अर्ध्या तासात मशीन चालू करून दिलं. पण नवव्यांदा स्विच बदलणाऱ्याला आधीचे आठ माहीतच नव्हते. कोणी रात्रपाळीत बदललेला, कोणी दिवाळीच्या गडबडीत.

मशिनपाशी जाऊन गुडघ्यावर बसलो आणि बॅटरी मारून पाहिलं. स्विच बसवलेली जागा बरोबर चिप्स उडतात त्या तोंडाशी. गरम चिप्सचा गुंता वायरवर साठतो, कुलंट झिरपतं, वायरचं आवरण कडक होऊन तडकतं. स्क्रॅपमधला वीतभर पत्रा वाकवून वर छप्पर केलं आणि वायर लवचिक लोखंडी नळीतून घेतली. जेवणाच्या सुट्टीआधी काम संपलं. त्या स्विचची नोंद त्यानंतर रजिस्टरात आलेली नाही.

रजिस्टरात एक रकाना वाढवला आहे: 'हे यापूर्वी कधी झालं होतं?' तो भरण्यासाठी मागची पानं उलटावी लागतात, आणि पानं उलटली की माणूस विचारात पडतो.

*

टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी १९७८ साली आलेल्या आपल्या पुस्तकात एक उदाहरण दिलं आहे. मशीन थांबलं. का? जास्त भार येऊन फ्यूज उडाला. भार का आला? बेअरिंगला पुरेसं तेल मिळत नव्हतं. का? तेलाचा पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजला होता. तो का झिजला? पंपाच्या तोंडाला गाळणी नव्हती, धातूचा कीस आत जात होता.

हे उदाहरण मी शिकाऊ मुलांना सांगतो तेव्हा पहिल्या उत्तरावर थांबायला लावतो. फ्यूज बदलला की मशीन चालू होतंच. अडचण नेमकी तिथेच आहे. मशीन चालू झालं की सुपरवायझर मोबाईल काढून वर कळवतो, ऑपरेटर पुढचा जॉब लावतो, फिटर हत्यारं गोळा करतो. दुसरा 'का' विचारायला तिथे कोणी उरत नाही. म्हणून माझ्या माणसांना एक सवय लावली आहे: चालू करण्याआधी पाच मिनिटं द्यायची. बिघडलेला भाग हातात असतो, मशीन अजून गरम असतं, ऑपरेटर शेजारी उभा असतो, तेवढ्यातच विचारून घ्यायचं. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये हाच प्रश्न विचारला की उत्तरं ऐकीव असतात आणि प्रत्येकजण आपली बाजू सांभाळून बोलतो.

*

एप्रिल. शॉपमधला उकाडा वाढला की दरवर्षीचं ठरलेलं दृश्य: मशिनच्या मागच्या इलेक्ट्रिक पॅनलचं दार सताड उघडं आणि समोर स्टँडचा पंखा घरघरतोय. ड्राइव्ह तापून अलार्म देतो, मशीन थांबतं, कोणीतरी दार उघडून पंखा लावतो, मशीन चालतं. दुपार निभावते.

पण शॉपच्या हवेत तेलाचे आणि कुलंटचे बारीक तुषार असतात, बिडाची काळी धूळ असते. पंखा ते सगळं थेट कार्डांवर मारतो. बिडाची धूळ म्हणजे लोखंडच, विजेला वाट करून देणारं. तेलाने ती चिकटून बसते, आणि पावसाळ्याची दमट हवा आली की एक दिवस कार्ड जळतं. एप्रिलमधल्या पंख्याची किंमत जुलैत मोजावी लागते. मधे तीन महिने गेलेले असल्यामुळे दोन्हींची सांगड कोणी घालत नाही. जुलैत सगळे म्हणतात, लाइट कमीजास्त झाली असेल.

यंदा ठरवलं की दार बंद ठेवायचं आणि पॅनल का तापतो ते शोधायचं. दाराला दोन छोटे पंखे असतात, त्यांच्यापुढे स्पंजसारखी जाळी. तीन मशिनींच्या जाळ्या काढून ट्यूबलाइटकडे धरल्या. पलीकडचा उजेड दिसेना. पंखे फिरत होते, हवा जातच नव्हती.

जाळी दर आठवड्याला धुवायची, हे तक्त्यात कित्येक वर्षं लिहिलेलं आहे. मग धुतली का जात नव्हती? ऑपरेटरला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, धुतली की वाळायला दोन तास लागतात. तेवढा वेळ मशीन कोण बंद ठेवू देईल?" इतकं साधं. प्रत्येक मशिनला जाळीचा दुसरा जोड घेतला. एक अंगावर, एक दांडीवर वाळत. आता बदलायला मिनिटभर लागतो. स्टँडचे पंखे स्टोअरला जमा केले. पहिल्या आठवड्यात दोघांनी मागितले, तिसऱ्या आठवड्यात कोणी आलं नाही.

तक्त्यातलं काम होत नसेल तर माणूस आळशी आहे असं धरून चालण्याआधी ते काम त्याच्या जागी उभं राहून एकदा करून पाहावं.

*

गेल्या सहा महिन्यांतले चौकशी अहवाल काढले. 'कायमस्वरूपी उपाय' या रकान्यात काय लिहिलंय तेवढंच पाहिलं. कामगाराला समज दिली. सूचनाफलक लावला. ट्रेनिंग दिले. पुन्हा समज दिली.

समज देऊन जी चूक थांबते, ती माणसाने मुद्दाम केलेली असते. आमच्याकडच्या चुका थकव्याच्या आणि घाईच्या आहेत. एकसारख्या दिसणाऱ्या दोन डब्यांच्या आहेत, अंधाऱ्या कोपऱ्यातल्या गेजच्या आहेत. तिथे दिवा लावायला हवा आणि डब्याचा रंग बदलायला हवा.

*

शिगेओ शिंगो हे जपानी इंजिनिअर १९६१ साली यामादा इलेक्ट्रिकच्या कारखान्यात गेले होते. तिथे एक साधा स्विच जोडायचा असे, दोन बटणं आणि प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग. कधीकधी एक स्प्रिंग घालायची राहून जायची, आणि गिऱ्हाइकाकडून तक्रार आली की कामगारांना नीट लक्ष द्यायला सांगितलं जायचं. शिंगोंनी कामाची रीत बदलली. आधी दोन स्प्रिंगा मोजून एका बशीत ठेवायच्या, मग जोडणी करायची. जोडणी झाल्यावर बशीत स्प्रिंग उरली असेल तर ती डोळ्यांसमोरच असते. खर्च एका बशीचा.

अशा युक्त्यांना ते आधी 'बाका-योके' म्हणत. बाका म्हणजे मूर्ख. पुढे १९६३ साली एका कारखान्यात कामगार बाईला सांगितलं गेलं की डावे-उजवे भाग उलटसुलट बसतात म्हणून हे साधन लावलं आहे, आणि ते नाव ऐकून ती रडू लागली. आपण इतक्या मूर्ख आहोत का, असं तिला वाटलं. शिंगोंनी शब्द बदलून 'पोका-योके' केला. पोका म्हणजे अनवधानाने झालेली चूक. आमच्या शॉपच्या भिंतीवर हा शब्द मोठ्या अक्षरांत रंगवलेला आहे. त्या बाईची गोष्टही तिथे लिहायला हवी असं मला मनापासून वाटतं.

*

आमच्याकडे एक कास्टिंग फिक्स्चरवर उलटं बसायचं. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. उलटं बसलं की भोक भलत्या जागी पडतं आणि जॉब भंगारात. रिजेक्शनची मीटिंग झाली की एक साहेब सेन्सर सुचवायचे, दुसरे कॅमेरा. कोटेशनही आलं होतं.

मी फिक्स्चरपाशी ऑपरेटरला विचारलं. त्याने कास्टिंगच्या एका उंचवट्यावर बोट ठेवलं. "हा फक्त एकाच बाजूला आहे. इथे समोर एक पिन उभी केली तर उलटा जॉब बसणारच नाही." पिन टूलरूममध्ये तासाभरात झाली. त्याला हे किती दिवसांपासून सुचलं होतं? दोन वर्षं. मग बोलला का नाहीस? "कोणी विचारलं नाही."

ती दोन वर्षं माझ्या मनातून जात नाहीत.

*

ही गोष्ट लिहायला मला बराच काळ लागला. आधीच्या एका कारखान्यातली आहे. कन्व्हेयरच्या पोटात हात घालून चेन बसवत होतो. मेन स्विच बंद केला होता, त्यावर 'काम चालू आहे' अशी पाटी अडकवली होती. मधेच शिफ्ट बदलली. नव्या शिफ्टच्या माणसाने पाटी पाहिली, पण ती पाटी तिथे कायमच लटकत असायची, काम असो वा नसो. त्याने स्विच वर केला. चेन वीतभर पुढे सरकली आणि थांबली. त्याच क्षणी मी पाना उचलायला हात बाहेर काढला होता.

चौकशी झाली, त्याला मेमो मिळाला आणि बोर्डवर आणखी एक पाटी लागली. तो माणूस सज्जन होता. महिनाभर त्याने माझ्या नजरेला नजर दिली नाही. त्याची चूक एवढीच की खोट्या ठरलेल्या पाटीवर त्याने विश्वास ठेवला नाही.

इथे रुजू झालो तेव्हा पहिली मागणी कुलुपांची केली. प्रत्येक फिटरचं स्वतःचं लाल कुलूप, त्याची एकच किल्ली, ती त्याच्याच खिशात. स्विचला सहा भोकांची कडी. तिघं कामाला असले तर तीन कुलुपं, आणि शेवटच्या माणसाने आपलं कुलूप काढल्याशिवाय वीज देताच येत नाही. कुलूप लावल्यावर चालू करायचं बटण एकदा दाबून पाहायचं, काही हलत नाही याची खात्री करायची, मगच हात आत घालायचा. बाहेरून येणाऱ्या कंत्राटी वायरमनलाही गेटवरच कुलूप मिळतं. काम दहा मिनिटांचं असलं तरी यातली एकही पायरी गाळायची नाही, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगतो.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने फिरत्या भागांना संरक्षक आडोसा हवा, असं एकविसाव्या कलमात लिहून ठेवलं. दुरुस्तीसाठी हा आडोसा काढायला लागतो, तेव्हा तिथे फक्त माणूस आणि त्याचं कुलूप उरतं.

*

घरात दोन सिलिंडर असतात. एक संपला की दुसरा लावायचा आणि त्याच दिवशी नंबर लावायचा. कोणी हिशेब ठेवत नाही, तरी स्वयंपाक अडत नाही.

स्टोअरमध्ये व्ही-बेल्ट, फ्यूज, ओ-रिंग यांच्यासाठी हेच केलं. प्रत्येक वस्तूचे दोन डबे, दुसऱ्याच्या झाकणावर कार्ड. पहिला रिकामा झाला की कार्ड खरेदीच्या टेबलावर. रात्री दोनला बेल्ट शोधत फिरणं बंद झालं.

*

नेमून दिलेल्या तारखेला भाग उघडणं म्हणजे काळजी घेणं, असं मी पूर्वी मानत असे. व्यवस्थित चाललेला एक गिअरबॉक्स केवळ तक्त्यात तारीख आली म्हणून उघडला, साफ केला, पुन्हा लावला. पंधरा दिवसांत त्याचं सील गळायला लागलं. लावताना सीलच्या कडेला खरचटलं होतं.

विमानांच्या देखभालीवरचा नॉलन आणि हीप यांचा १९७८ चा अहवाल नंतर वाचनात आला. युनायटेड एअरलाइन्सच्या अनुभवावर आधारलेला. त्यांनी पाहिलेल्या भागांपैकी फक्त ११ टक्के भागांमध्ये वयाबरोबर बिघाड वाढत जाताना दिसला. उरलेल्या ८९ टक्क्यांना ठरावीक वयात बदलून फायदा नव्हता, आणि बरेच भाग तर नवीन असतानाच जास्त बिघडत होते.

त्यानंतर तक्त्यातली 'उघडून तपासणे' या प्रकारची निम्मी कामं काढली. त्यांच्या जागी हात लावून पाहणे, आवाज ऐकणे, तापमान मोजणे, तेलाचा रंग बघणे. बेल्टचं मात्र वय मोजतो, फिल्टरचंही. ज्याची झीज ठाऊक आहे त्याची तारीख ठेवावी, बाकीच्यांची नाडी बघावी.

*

३० ऑक्टोबर १९३५. अमेरिकेत बोइंगचं नवं बॉम्बर विमान चाचणीसाठी उडालं आणि लगेच कोसळलं. उभ्या विमानाची शेपटीकडची पाती वाऱ्याने हलू नयेत म्हणून एक खीळ लावतात, ती काढायची राहिली होती. वैमानिक नवखा नव्हता, अत्यंत अनुभवी होता. मग विमानदलाने उड्डाणाआधी वाचायची यादी तयार केली.

हा प्रसंग डॉ. अतुल गावंडे यांनी शस्त्रक्रियेच्या संदर्भात मांडला. त्यांचे वडील विदर्भातल्या उटी गावचे, ते स्वतः अमेरिकेत सर्जन. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या गटाने १९ मुद्द्यांची यादी केली: भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी थांबून मोठ्याने वाचायची. आठ शहरांतल्या इस्पितळांत, त्यात दिल्लीचंही एक होतं, ती वापरून पाहिली. जानेवारी २००९ मध्ये निकाल छापून आला. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं होतं.

मला त्यातला १९ हा आकडा महत्त्वाचा वाटतो. आमची मशीन सुरू करण्याआधीची यादी ६२ मुद्द्यांची होती आणि महिनाअखेरीला एकाच पेनाने, एकाच तिरक्या बरोबरच्या खुणांनी भरलेली असायची. जे चुकलं तर माणसाला इजा होईल किंवा मशीन मोडेल तेवढंच ठेवलं. आता सात मुद्दे आहेत. ते मोठ्याने म्हणायचे, आणि समोरच्याने ऐकायचे. लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नलचा रंग एकमेकांना पुकारून सांगतात, तसं.

*

मुंबईला बहिणीकडे रविवारी निघालो होतो. स्टेशनवर मेगाब्लॉकची घोषणा, फलाटावर चडफडणारी गर्दी. माझाही तास मोडला. पण रुळांवर नारिंगी जाकिटातली माणसं वाकून काम करताना पाहिली आणि मनात आलं, यांच्या कामाची बातमी होते ती फक्त गाड्या थांबल्या म्हणून. सोमवारी सकाळी ज्या गाड्या सुरळीत धावतील त्यांची बातमी होणार नाही.

*

वर्षअखेरीच्या कार्यक्रमात 'उत्कृष्ट कर्मचारी' म्हणून एका फिटरचा सत्कार झाला. स्पिंडल जळाला तेव्हा तो सलग ३६ तास थांबला होता. सत्कार योग्यच होता, टाळ्या मीही वाजवल्या.

मागच्या रांगेत आमचा ग्रीसवाला बसला होता. त्याच्या लाइनवरच्या मशिनी वर्षभरात एकदाही बेअरिंगसाठी थांबल्या नाहीत. रोज सकाळी ग्रीस गन घेऊन तो फिरतो, प्रत्येक निपल आधी फडक्याने पुसतो, मगच गन लावतो, म्हणजे बाहेरची धूळ आत ढकलली जात नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याचा सत्कार कोणत्या नोंदीवरून करायचा? रजिस्टरात त्याच्या लाइनची पानं कोरी आहेत.

पुढच्या वर्षी त्या कोऱ्या पानांची यादीच साहेबांपुढे ठेवणार आहे.

*

खंडेनवमी. उद्या दसरा. आज मशिनींची पूजा, म्हणून कालपासून सगळे आपापली मशीन घासताहेत. डिझेलचं फडकं, वायर ब्रश, मग कोरडं कापड. वर्षभर ज्यावर कोणी बोट फिरवलं नव्हतं ते कोपरे उघडे पडले. जपानी लोक देखभालीच्या शास्त्रात सांगतात की साफसफाई म्हणजेच तपासणी. आमच्याकडे ही तपासणी वर्षातून एकदा तरी पूजेच्या निमित्ताने होत आली आहे. एकट्या कालच्या दिवसात चार ढिले बोल्ट, एक तडकलेली नळी आणि हरवलेली एक ॲलन की सापडली.

आयटीआयचा एक शिकाऊ मुलगा हायड्रॉलिक पॅकच्या मागे पालथा पडून पुसत होता. बाहेर आला तो फडकं माझ्यापुढे धरूनच. "साहेब, हा जॉइंट दोनदा पुसला. दोन्हीदा पुन्हा ओला झाला." फडक्यावर तेलाचा डाग होता, रुपयाएवढा. महिन्याभराने तिथे नळी फुटली असती, कदाचित रात्रपाळीत, कदाचित कोणी समोर उभं असताना.

त्याला विचारलं, आता काय करायचं? त्याने खिशातून पिवळा टॅग काढला, मशीन नंबर लिहिला, तारीख घातली आणि जॉइंटला बांधला. मग जरा थांबून विचारलं, "हा ढिला का झाला असेल?"

आम्ही दोघंही पॅकच्या मागे वाकून बघायला लागलो. नळीला आधाराची क्लिप नव्हती. पंप चालला की सगळी थरथर त्या जॉइंटवरच येत होती. तिकडे ऑपरेटरने झेंडूच्या माळा आणल्या होत्या आणि आम्हाला हाका मारत होता. मुलगा म्हणाला, "पाच मिनिटं साहेब," आणि टूलरूमकडे क्लिप आणायला पळाला.